कागदाची बैठक आणि केवळाबाईची भिंत

वाडीत पोरगी बघायला पाहुणे आले की ते पोरीच्या घरी जात नसत, वाडीचे मालक दत्तराव यांच्या बैठकीत जात. मग पोरगी कुणाची का असेना. बाप पाहुण्यांना वेशीवर गाठायचा, स्वतःच्या घरावरून तसाच पुढं न्यायचा आणि दत्तरावांच्या ओसरीवर त्यांना वहाणा काढायला लावायचा. झरी या बाजारगावाच्या पलीकडं, ओढ्याकाठी वसलेल्या या वाडीत हे असंच चालत आलं होतं, आणि त्याला कारण होता भिंतीचा कागद.

हा कागद निजामाच्या राजवटीत आला. दत्तरावांचे वडील कोर्टाच्या कामासाठी हैदराबादला गेले होते. तिथं कुठल्याशा नवाबाच्या कोठीत त्यांनी भिंतींना कागद लावलेला पाहिला आणि त्यांची झोप उडाली. तोवर आपल्या मुलखात भिंत म्हणजे पांढऱ्या मातीचा हात, फार झालं तर चुना, आणि सणासुदीला खालून गेरूचा पट्टा. भिंतीवर वेली, वेलींवर पाखरं, पाखरांच्या चोचीत लाल फळं आणि हे सगळं कागदावर, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. मग विलायतेहून आगबोटीनं आलेल्या गुंडाळ्या हैदराबादेत विकत घेतल्या गेल्या, रेल्वेनं परभणीला आल्या आणि तिथून बैलगाडीत बसून वाडीत उतरल्या. सोबत कागद लावणारा एक माणूसही आला. त्याचा लांब फळा, रुंद कुंचा आणि वरून सोडायचा ओळंबा बघायला सगळी वाडी लोटली. हा माणूस शेवटच्या पट्ट्याला आला आणि मालकांशी कशावरून तरी वाजलं. तो पानाची पिंक टाकून चालता झाला. राहिलेला पट्टा घरच्या गड्यांनी लावला, आणि उलटा लावला. पाखरांचे पाय वर, चोची खाली. पण मोठ्या मालकांच्या घरात काही उलटं असणं शक्यच नव्हतं, त्यामुळं ते कुणाला दिसलं नाही.

त्या कागदानं वाडीला वेड लावलं. ज्याला विलायती मिळाला नाही त्यानं कॅलेंडरावरचे देव चिकटवले, कुणी बियाणं कंपनीची चित्रं, कुणी लग्नपत्रिका. पण खरी बैठक ती एकच, कागदाची. ज्याच्या पोरीला दत्तराव आपल्या कागदापुढं बसू देतात ते घर धड, असा पाहुण्यांचा हिशेब होता. वाडीतल्याच चांगुणाबाईच्या थोरलीच्या वेळी दत्तरावांकडं सुतक पडलं, म्हणून पाहुण्यांना तिच्या घरच्या ओट्यावर बसवलं. पाहुणे चहा पिऊन गेले, वाटेत म्हणाले की मालकानं खोली दिली नाही म्हणजे घरात काहीतरी खोट असणार, आणि परत फिरकले नाहीत. सुतक होतं हे सांगायला चांगुणाबाईचा नवरा त्यांच्या गावापर्यंत जाऊन आला, पण उपयोग झाला नाही.

केवळाबाईला हे सगळं पाठ होतं. केवळाबाई म्हणजे मेंढरं राखणाऱ्या भुजंगाची बायको. लग्न होऊन वाडीत आली तेव्हा ती अजून कैऱ्या चोरायच्या वयाची होती. दत्तरावांच्या घरी दही द्यायला गेली की बैठकीच्या उंबऱ्याबाहेर टाचा वर करून आत बघायची. उलटी पाखरं तिला पहिल्याच दिवशी दिसली होती, आणि विलायतेत पाखरं अशीच उडत असतील असं तिनं ठरवून टाकलं होतं. उंबऱ्याच्या आत मात्र तिचा पाय कधी पडला नव्हता. दही बाहेरच घेतलं जायचं.

आता तिची सुला लग्नाला आली होती. पिंगळीच्या सटवाजीच्या घरून विचारणा झाली होती. सटवाजीही मेंढरवालाच, पण त्याचा मुलगा मुंजाजी रेल्वेच्या रुळांवर कामाला लागला होता. सुलानं त्याला झरीच्या बाजारात एकदा पाहिलं होतं आणि घरी येऊन त्याच्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. एरवी बाजारातल्या कुत्र्यामांजरांचीही हकीकत सांगणारी पोरगी गप्प बसली, यावरून केवळाबाईनं काय ते ओळखलं. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

ती दत्तरावांच्या घरी बैठक मागायला गेली. दत्तरावांच्या घरात अशा गोष्टी त्यांच्या पत्नी नर्मदाबाई बघत. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"घे की बैठक," नर्मदाबाई म्हणाल्या. "पाहुण्यांना चहा आमच्याकडनंच करू. भुजंगाला मात्र सकाळी आंघोळ घालून पाठव. पोरीला आमची सून आत नेईल."

"लय उपकार झाले, मालकीण."

"आन् केवळे, तू आपली मागच्या दारी थांब हां. लेंडीचा वास कागदाला धरतो गं. एकदा धरला की जात न्हाई."

नर्मदाबाईंच्या आवाजात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. दूध उतू जाईल, जरा बघ, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं, आणि केवळाबाईनंही मान डोलावली. घरी येईपर्यंत ती खुशीत होती. बैठक मिळाली होती, अजून काय पाहिजे?

"मिळाली गं, सुले!" तिनं अंगणातूनच ओरडून सांगितलं.

सुला शेळीचं दूध काढत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् तू कुठं बसायचीस?"

"मी मागच्या दारी. वास येतो म्हनल्या."

"मंग मी बी मागच्या दारी बसते. पाहुण्यांला म्हनावं, तिथं येऊन बघा."

"याड लागलं का तुला?" भुजंग म्हणाला. "चांगुणाबाईच्या पोरीचं काय झालं, माहीत हाय ना?"

"माहीत हाय. पर ज्या घरात माझी माय चालत न्हाई, तिथं मी पदर घेऊन बसायची न्हाई. माझ्या अंगाला बी त्योच वास हाय, बा. माझ्या अंगाचा त्यांला कसा चालतो?"

केवळाबाईचा चेहरा तापला. इतकी वर्षं दही उंबऱ्याबाहेर ठेवताना तिला कधी काही वाटलं नव्हतं, आणि आज पोरीच्या तोंडून ऐकताना तेच सगळं एकदम लागलं. ती आत गेली, पाणी प्याली, रिकाम्या मातीच्या भिंतीकडं बघत उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "पाहुने माझ्या घरी बसतील. आन् कागदापुढंच बसतील."

भुजंगानं कपाळाला हात लावला. बायकोनं अशा आवाजात काही म्हटलं की पुढं काय होतं, याचा त्याला चांगला अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी केवळाबाई झरीला बन्सीधरच्या कापड दुकानात गेली. साड्यांच्या घड्यांत घालून येणारे गुलाबी, निळे, सोनेरी नक्षीचे कागद तो पोत्यात भरून ठेवायचा आणि बंबात घालायचा. केवळाबाईनं पोतंच मागितलं. बन्सीधर चांगला माणूस. त्यानं पोतं तर दिलंच, वर सल्लाही दिला. "खळीत मोरचूद टाक, केवळाबाई. वह्या बांधणारे टाकतात. उधई-वाळवी लागत नाही."

खळीचा प्रश्न तिच्यापुढं नव्हता. घोंगडीला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ देणं हे त्यांच्या घरात पिढीजात. चिंचोके भाजायचे, सोलायचे, कुटायचे आणि शिजवायचे, की अशी खळ होते, एकदा चिकटली की नखानं निघत नाही. पण मोरचुदाचं नाव काढताच भुजंग उठून उभा राहिला.

"मोरचूद? मेंढरानं एकदा जीभ लावली तर गेलं समज. घरात मोरचूद आनायचं न्हाई."

"मंग उधई?"

"तुझं तू बघ."

केवळाबाईनं बघितलं. उधईला कडू चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं दारातल्या कडुलिंबाचा पाला उकळला आणि ते हिरवं कडूजहर पाणी खळीत ओतलं. वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी शेळ्या पाळल्या आहेत त्यांच्या आता लक्षात आलं असेल. केवळाबाईच्या आलं नाही. जिनं उभा जन्म शेळ्यांना लिंबाचे डहाळे तोडून घातले, एक डहाळी दिसली तर शेळी खुंटा उपटून येते हे जिनं रोज पाहिलं, ती बाई लिंबाचं पाणी भिंतीला लावत बसली. पोरीच्या लग्नाची घाई भल्याभल्यांचं डोकं फिरवते, दुसरं काय म्हणावं?

पण भिंत झाली मात्र देखणी. खाली जुन्या वर्तमानपत्रांचा थर, त्यात कापसाचे भाव, नामांतराचे मोर्चे, सिनेमाच्या जाहिराती, सगळं गुण्यागोविंदानं चिकटलेलं. वर साड्यांचे कागद, गुलाबीला निळा, निळ्याला सोनेरी. सुलानं कात्रीनं दत्तरावांच्या कागदातल्यासारखी पाखरं कापून बसवली, सगळी सरळ. शेजारणी येऊन तोंडात बोटं घालून गेल्या. भुजंग त्या दिवशी जेवताना भिंतीकडं तोंड करून बसला.

पाहुणे यायला अजून अवकाश होता. कापूस वेचायला बोलावणं आलं म्हणून तिघंही रानात गेली. मेंढरं भुजंगाच्या भावाबरोबर चरायला गेली होती. शेळ्या तेवढ्या अंगणात बांधलेल्या होत्या, आणि दाराला कुडाची ताटी लावलेली होती.

संध्याकाळी परतल्यावर ताटी आडवी दिसली. राणी नावाची शेळी उंबऱ्यात उभी होती. तिच्या तोंडातून सोनेरी कागदाची पट्टी लोंबत होती आणि ती फार समाधानात होती. आत बाकीच्या सगळ्या शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून भिंत चाटत होत्या. चिंचोक्याची खळ, वर लिंबाचा कडूपणा, शेळीला याच्यापेक्षा चांगलं जेवण कोण देणार? गुलाबी गेलं होतं, निळं गेलं होतं, सुलाची पाखरं गेली होती आणि मोर्चेसुद्धा गेले होते.

केवळाबाई भुईवर बसली. तिला रडूच आलं. "लिंब," ती कपाळ बडवत म्हणाली. "मी सोता लिंब लावला गं, सुले. शेळ्यांला ताट वाढून ठिवलं."

भुजंग हसायचं नाही म्हणून दाराबाहेर गेला. बाहेर त्याच्या खोकल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग आत येऊन तो हळूच म्हणाला, "अजून येळ गेली न्हाई. मी जाऊन मालकीनीला सांगतो, बैठक लागंल म्हनून."

केवळाबाईनं डोळे पुसले. ती हो म्हणणारच होती. सुलाचं लग्न मोडण्यापेक्षा मागच्या दारी उभं राहणं काही जड नव्हतं, आणि आयुष्यभर तीच तर सवय होती. पण तोंड उघडण्याआधी तिची नजर कोपऱ्यात गेली. सगळी भिंत ओरबाडलेली असताना कोपऱ्यात, खालच्या अंगाला, गुलाबी कागदाचा एक तुकडा जसाच्या तसा होता. त्याला शेळीची जीभसुद्धा लागली नव्हती.

ती रांगत तिथं गेली. त्या कोपऱ्यात करडं निजायची. त्यांच्या लेंड्या भिंतीला घासून कागदावर तपकिरी डाग पडला होता. केवळाबाईनं नाक लावलं आणि ती मागं वळून बघायला लागली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी निराळंच होतं.

"सुलाचे बा," ती म्हणाली, "लेंडी लागलेला पाला शेळी खाती का?"

"शेळी? लेंडी लागली तर कवळा पाला बी टाकून देती. लय नखऱ्याची जात."

"तेच म्हनते मी."

तिनं पदर खोचला. दत्तरावांच्या घरी जायचा विषय तिथंच संपला.

या खेपेला तिनं कुणासारखं काही करायचं नाही असं ठरवलं. साड्यांचे कागद संपलेच होते, त्यामुळं ठरवणं सोपं गेलं. आधी किती उंचीपर्यंत शेळीचं तोंड पोचतं ते बघायचं होतं. भुजंगानं लिंबाची डहाळी भिंतीशी धरली, राणीला मागच्या पायांवर उभं केलं आणि डहाळी वर वर नेली. राणीनं भिंतीला पुढचे खूर टेकवून, मान ताणून, जीभ बाहेर काढून जिथपर्यंत मजल मारली तिथं सुलानं कोळशानं रेघ ओढली. बक्षीस म्हणून राणीला डहाळी मिळाली. कागद लावायच्या कामात शेळीला असा मान हैदराबादच्या त्या माणसानंही कधी दिला नसेल.

रेघेच्या खाली लेंडीचं सारवण. लेंड्या भिजत घातल्या, कुटल्या, फडक्यातून गाळल्या, त्यात पांढरी माती आणि गेरू कालवला आणि केवळाबाईनं हातानं एकसारखे पंजे ओढत चारी भिंतींना फिरवलं. वाळल्यावर तो पट्टा भाजलेल्या विटेच्या रंगाचा झाला. रेघेच्या वर पुन्हा वर्तमानपत्रं, त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ हात, की अक्षरं पुसट दिसतील न दिसतील. उधईचं काय, असं भुजंगानं विचारलं. ती जमिनीतून चढते आणि खालच्या पट्ट्यात तिला खायला कागदच नाही, असं केवळाबाईनं सांगितलं. चढली तरी सारवणावर तिची मातीची वाट लगेच दिसेल, पुसून टाकू.

"आन् नक्षी?" सुलानं विचारलं. पांढरी भिंत तिला डोळ्यांत खुपत होती.

केवळाबाईनं आढ्याला खोचलेला ठसा काढला. बाभळीच्या लाकडात कोरलेली चंद्रकोर, आणि कोरीच्या पोटात ठिपका. मेंढरं कातरून झाली की हा ठसा गेरूत बुडवून त्यांच्या पाठीवर उमटवायचा, म्हणजे दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी आपलं मेंढरू ओळखू येतं. भुजंगाच्या आजोबांपासून ही खूण चालत आली होती.

"भितीवर? मेंढराची खून?" भुजंग म्हणाला.

"आपलंच घर हाय ना? मंग आपलीच खून."

दोरी ताणून, एक ओळ सुलाची, एक ओळ आईची, असा भिंतभर ठसा उमटत गेला. एक कोर उजवीकडं बघणारी, पुढची डावीकडं. शेवटची ओळ भरून दोघी मागं सरकल्या. लाल कोरींनी भिंत भरून गेली होती आणि खालचा पट्टा लुगड्याच्या काठासारखा तिला धरून उभा होता. साड्यांच्या कागदाची भिंत छान होती, पण ती बन्सीधरच्या दुकानाची वाटायची. ही आपली आहे, असं केवळाबाईला वाटलं, आणि तिला एवढा आनंद झाला की तिनं पोरीच्या गालाला गेरूचा हात लावला.

शेळ्यांची परीक्षा मात्र घेतली नाही. पाहुणे दुसऱ्याच दिवशी यायचे होते आणि आता काही बिघडलं असतं तर करायला वेळ नव्हता. म्हणून शेळ्या परड्यात कोंडल्या.

सटवाजी आला तो मोठा फेटा बांधून, खांद्यावर पांढरं उपरणं टाकून. सोबत मुंजाजी आणि घरातली दोन माणसं. वेशीवर रामराम झाले आणि त्यानं सरळ विचारलं, "कागदाच्या बैठकीत ना?"

भुजंगानं मागं वळून पाहिलं. त्याच्या मागं पदर घेऊन उभी असलेली केवळाबाई म्हणाली, "व्हय. कागदाच्याच बैठकीत. पर आमच्या."

सटवाजीनं तिच्याकडं पाहिलं, मग सोबतच्या माणसांकडं. दत्तरावांच्या घराकडं जाणारी वाट सोडून सगळे ओढ्याच्या अंगाला वळले तेव्हा दारादारांत बायका उभ्या होत्या. चांगुणाबाईच्या दारातून कुणीतरी "अगं बया" म्हणालेलं तिला स्पष्ट ऐकू आलं.

पाहुणे घोंगडीवर बसले. भिंतीकडं बघत बसले. केवळाबाई दाराबाहेर ताटीशी उभी राहिली, सवयीनं. सुला पोहे घेऊन आत गेली, पाटावर बसली, नाव विचारलं ते सांगितलं. मुंजाजीनं मान वर केली ती खाली घ्यायचं विसरला. सगळं ठीक चाललं होतं, पण सटवाजीचं लक्ष पोरीकडं नव्हतं. तो भिंत बघत होता, आणि त्याच्या सोबतचा एक माणूस दुसऱ्याच्या कानाला लागून काहीतरी म्हणत होता. त्यातला "मालकानं" एवढाच शब्द बाहेर आला.

आणि तेवढ्यात राणी आली. परड्यातून ती कशी सुटली हे कुणाला कळलं नाही, तिचं ते रोजचंच होतं. केवळाबाईच्या पायांमधून घुसून ती आत गेली, पाहुण्यांच्या मधून वाट काढत थेट भिंतीशी. भुजंगाचे डोळे पांढरे झाले. राणीनं मान लांब केली आणि भिंतीला नाक लावलं. खाली हुंगलं, जरा वर हुंगलं. मागच्या पायांवर उभी राहिली आणि कोळशाची रेघ जिथं होती तिथपर्यंत हुंगत गेली. मग तिनं जोरात फुरफुर केलं, नाक मुरडलं, वळली आणि सटवाजीच्या उपरण्याचं टोक चघळायला लागली.

मुंजाजीला हसू फुटलं. सुलालाही. सटवाजीनं उपरणं सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. तो राणीकडं बघत होता. शेळीनं चिंचोक्याची खळ लावलेली भिंत सोडून द्यावी, हे त्याला पटेना. खळीचा वास त्याच्या नाकाला आल्या आल्याच लागला होता. तो उठला, भिंतीशी गेला आणि सगळ्यांसमोर वाकून त्यानं खालच्या पट्ट्याला स्वतःचं नाक लावलं.

केवळाबाईला वाटलं, आता संपलं. त्याच वासासाठी ती जन्मभर बाहेर उभी राहिली होती आणि आज तोच वास तिनं चारी भिंतींना फासून ठेवला होता.

"लेंडी?" सटवाजीनं विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. गेरू आहे म्हणून सांगता आलं असतं. पण तिला त्या क्षणी दत्तरावांचा उंबरा आठवला आणि ती ताटीबाहेरून मोठ्यानं म्हणाली, "व्हय. लेंडीच हाय. आमच्याच शेळ्यांची."

सटवाजी सरळ झाला. "अरं, ऐका रं!" तो आपल्या माणसांना म्हणाला. "माझ्या घरी शेळ्यांनी तीन सालं भिती चाटून चाटून भोकं पाडली. चुना लावला, काटे लावले, पोरांला काठी घेऊन बसवलं. आन् उत्तर हितं भितीवर हाय!" मग वरच्या कोरींवरून त्यानं सावकाश हात फिरवला. "आन् ही कळपाची खून. आपल्या कळपाची खून आपल्या घरात. हे माझ्या डोक्यात कधी आलं न्हाई. कुनी केलं हे?"

"मायनं," सुला म्हणाली.

सटवाजीनं दाराकडं पाहिलं. "मंग इहीणबाई भाईर कामून उभ्या? इहीणबाई, आत या. ही बैठक तुमची, आन् तुमीच उंबऱ्याभाईर?"

इहीणबाई! पसंती अशी सांगायची असते हे कुणाला समजावून द्यावं लागलं नाही. भुजंग घोंगडीवर बसल्या बसल्या डोळे पुसायला लागला. कानाला लागणारा माणूस एकदम पोह्यांची तारीफ करायला लागला. केवळाबाईनं उंबऱ्याकडं पाहिलं. तो तिच्याच घराचा उंबरा, रोज ओलांडायची, पण त्या दिवशी ओलांडताना तिनं पदर सारखा केला. ती आत गेली आणि सुलाशेजारी, भिंतीला पाठ लावून, सगळ्यांच्या बरोबरीनं बसली. तिला इतकं बरं वाटलं की पाहुण्यांना पान द्यायचं राहूनच गेलं.

लग्न झालं. सुला पिंगळीला गेली आणि तिथल्या भिंतींना तिनं सासरच्या कळपाची खूण दिली. इकडं वाडीत पोरगी बघायची झाली की लोक आधी केवळाबाईला विचारायला लागले. चांगुणाबाईच्या धाकटीचं जमलं ते लाल कोरींपुढं. त्या दिवशी चांगुणाबाई केवळाबाईच्या गळ्यात पडून रडली. कुणी आपल्याच घरी भिंत करून मागे, त्यालाही केवळाबाई नाही म्हणत नसे. एकच सांगायची, पोरीच्या आईला आत बसवा.

मग एके दिवशी नर्मदाबाई आल्या. स्वतः आल्या, गडी पाठवला नाही. त्यांनी भिंत बघितली, हात लावून बघितली, आणि घोंगडीवर बसल्या.

"केवळे," त्या म्हणाल्या, "आमच्या नातीला बघायला परभणीहून येणार आहेत. कागद खालून पार सुटलाय. दर पावसाळ्यात ओल चढती, लोड लावून लावून किती झाकायचं? तू असा पट्टा ओढून देशील का? खालचा कागद काढून टाकू."

"देते की, मालकीण. पर लेंडीशिवाय व्हायचं न्हाई."

आपण काय बोललो होतो ते त्यांना आठवलं असावं, कारण त्यांची नजर खाली गेली. "तुझ्या सुलीच्या वेळी मी चुकीचं बोलले," त्या म्हणाल्या. "लेंडी घेऊनच ये. पुढच्या दारानं ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळाबाई भिजलेल्या लेंड्यांचं घमेलं डोक्यावर घेऊन भर गावातून दत्तरावांच्या घरी गेली. ओसरीवर दत्तराव बसले होते. ते उठून बाजूला झाले. ज्या उंबऱ्याबाहेर तिनं दही ठेवलं होतं तो ओलांडून ती बैठकीच्या मधोमध गेली आणि घमेलं खाली ठेवलं. जवळून बघितल्यावर तिला तो कागद फार सुंदर वाटला. कोपऱ्यात उलटी पाखरं होती, अजून तशीच उडत होती.

"तो पट्टा उलटा हाय, मालकीण," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," नर्मदाबाई म्हणाल्या. "लग्न होऊन आले त्याच दिवशी दिसला. पण बोलायचं कुणाला?"

दोघी एकमेकींकडं बघून हसायला लागल्या, इतक्या की ओसरीवरून दत्तरावांनी खाकरून विचारलं, काय झालं म्हणून. नर्मदाबाईंनी लोड-तक्के स्वतःच्या हातानं बाजूला केले आणि भिंत मोकळी करून दिली.

केवळाबाईनं पदर खोचला, कोपरापर्यंत दोन्ही हात घमेल्यात घातले आणि दत्तरावांच्या बैठकीच्या भिंतीवर पहिला पंजा ओढला.